प्रकरण अकरा : दुसरी पसंती

मार्लिन आत्या शाळेच्या जिममध्ये शिरली ती खसखशीच्या कोलाच्यांचा ट्रे घेऊनच. मला तिथेच कळायला हवं होतं की ही बाई आज नुसती उभी राहायला नाही, लढायला आली आहे.

कारण जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे गोड सारणाचे मऊ पाव, कुणालाही चालतात. खसखशीचे फक्त देदासाठी, म्हणजे माझ्या आजोबांसाठी असतात. बाबी आजी गेल्यापासून ते तिच्यासारखे मऊ एकट्या आत्यालाच जमतात, आणि देदाने गेल्या तीन वर्षांत त्यातला एकही खाल्लेला नव्हता. त्या थँक्सगिव्हिंगचं पुराण मागे येऊन गेलंच आहे, पण थोडक्यात सांगते. गेल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आत्याचा माणूस आपल्याच पक्षातल्या फेरीत बाद झाला. नोव्हेंबरात तिने मतपत्रिकेवरची खालची सगळी मतं पक्षाला दिली आणि सगळ्यात वरची, अध्यक्षाची जागा कोरी सोडली. आपलं राज्य दुसऱ्या पक्षाकडे गेलं. टर्की कापता कापता देदा म्हणाला, "ज्यांना हात मळवायचे नसतात, त्यांनी शेतात यायचंच कशाला?" आत्याने गरम ट्रे उचलला आणि ती आपल्या घरी निघून गेली.

तेव्हापासून बापलेक माझ्या बाबांमार्फत बोलतात. "डेल, तुझ्या बहिणीला सांग." "डेल, पप्पांना म्हणावं." बाबा हिवाळ्यात काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ सारायची गाडी चालवतात. घरच्यापेक्षा तो बर्फ बरा, म्हणतात, निदान एका बाजूला सरकतो तरी.

आज बाबा माझ्या कोपऱ्यात होते, म्हणून निरोप्याचं पद माझ्याकडे आलं.

"टेस," आत्या ट्रेवरचा रुमाल बाजूला करत म्हणाली, "तुझ्या आजोबांना विचार, खसखस अजून चालते का म्हणावं."

देदा चार हातांवर उभा होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. "टेस, तुझ्या आत्याला सांग, लाच घ्यायच्या वयात मी लाच घेतली नाही."

"सांग त्यांना, ही लाच नाही. आमच्या उमेदवाराच्या, लॅझरच्या कोपऱ्यात येणाऱ्या प्रत्येकाला मिळतो."

"मग लाचच की!"

"तुम्ही दोघं," मी म्हटलं, "एकमेकांच्या मेसेजचे पैसे मला देत जा."

आमच्या आयोवातल्या कॉकसला, म्हणजे पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार निवडायच्या गावसभेला, मतपेटी नसते. आपलं मत म्हणजे आपण स्वतः. उठायचं, चालत जायचं आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहायचं, तेही आपला दातांचा डॉक्टर, आपला साहेब आणि आपली सासू यांच्या देखत. शंभरात पंधरा माणसंही ज्या कोपऱ्यात जमत नाहीत तो कोपरा बुडतो. मग त्यातल्यांनी दुसरा कोपरा धरायचा, नाहीतर कोट घालून घरी जायचं. तरलेल्या कोपऱ्यांना माणसांच्या प्रमाणात काउंटीच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी मिळतात. त्या संध्याकाळी जेवढी माणसं दारातल्या टेबलावर नाव लिहून आत आली होती, त्या हिशेबाने तरायला अठरा लागत होती.

आणि गव्हर्नर ॲडेअर यांच्या कोपऱ्याची कॅप्टन होते मी! सतरा वर्षांची! नोव्हेंबरच्या आत अठरा पूर्ण होत असतील तर कॉकसला उभं राहता येतं, आणि माझा वाढदिवस ऑगस्टमधला. खरी कॅप्टन कॉलेजात शिकणारी होती, ती तापाने झोपली. सकाळी तिचा फोन आला, "टेस, जमेल?" आणि जमेल का हे स्वतःला विचारायच्या आत माझ्या तोंडून "हो" निघून गेलं होतं. गेल्या वर्षीची टेस वर्गात नाव पुकारलं तरी खाली बघायची. ही नवी टेस कुठून आली ते मलाही माहीत नाही, पण मला ती फार आवडते.

खरं तर माहीत आहे. देदाकडून आली. अख्खी पानगळ आम्ही दोघं त्याच्या जुन्या गाडीतून गल्ल्यागल्ल्या फिरलो. रस्त्याच्या एका बाजूची दारं तो वाजवायचा सेनेटर प्रूइटसाठी, दुसऱ्या बाजूची मी, ॲडेअरसाठी. शेवटच्या घराशी भेटायचं आणि थर्मासमधली कॉफी वाटून प्यायची. "दार वाजवलं की मागे सरक," त्याने शिकवलं होतं. "माणसाला दार उघडायला जागा लागते. आणि बोलण्याआधी ऐक. लोकांना मत देण्याआधी कुणीतरी विचारायला हवं असतं."

तर असे चार कोपरे. स्कोअरबोर्डखाली माझी आई, हॉलबर्टच्या सर्वांत मोठ्या घोळक्यात. हॉलबर्ट म्हणजे 'जिंकू शकणारा माणूस'. स्टेजजवळ आत्या, लॅझरच्या तरुण, गोंगाटी गर्दीत. बाहेरच्या दाराशी देदा आणि त्याचे सहा दोस्त, सगळे ट्रॅक्टरच्या कारखान्यातले जुने युनियनवाले. कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी, जिथे कायम ओल्या मोज्यांचा वास येतो, तिथे मी.

फ्रीबर्ग बाईंनी शिट्टी फुंकली. बाई एरवी आम्हाला रसायनशास्त्र शिकवतात आणि दर कॉकसला अध्यक्ष असतात. "प्रत्येक कोपऱ्याने एकेक मिनिट बोला. टेस, तू आधी. आणि टेस, श्वास घे."

मी घेतला. "मी टेस झाहराडनिक. नोव्हेंबरात मी खरंखुरं मत देणार आहे, तेव्हा माझी मनधरणी आजपासून करायला हरकत नाही." लोक हसले! मला पंखच फुटले. "आमच्या घरी तीन वर्षं जेवताना एकच प्रश्न असतो: जिंकेल कोण? जिंकून करणार काय, हे कुणी विचारत नाही. दर उन्हाळ्यात नळाचं पाणी तान्ह्या बाळांना देऊ नका म्हणून सूचना येते. शेतातलं खत नदीत उतरतं आणि आपण बाटल्या विकत आणतो. वाचनालयातून नको ती म्हणून पुस्तकं काढून टाकतात आणि आपण म्हणतो, निवडणूक होऊ दे मग बघू. गव्हर्नर ॲडेअर शाळेत नर्स होत्या. मूल रडत आलं की 'आधी जिंकून येते, मग बघते' असं नर्स म्हणत नाही!"

टाळ्या पडल्या. देदाने मला ऐकू जाईल असं आपल्या दोस्ताला सांगितलं, "आवाज माझा आहे. मुद्दे कुणाचे आहेत बघायला हवं."

मग हॉलबर्टतर्फे कोण उभं राहावं? माझी सख्खी आई! कॉरिन झाहराडनिक, दवाखान्यात बिलांच्या खिडकीवर बसते, आणि समोरच्याला कितीही राग आला तरी तिचा आवाज चढत नाही.

"माझी मुलगी छान बोलली," ती म्हणाली. "ती म्हणाली ते सगळं मलाही हवंय. पण टेस, राजा, हरलेल्याच्या हाती एकच गोष्ट उरते, की आपण बरोबर होतो. ती ताटात वाढता येत नाही. माझ्या खिडकीशी माणसं उभी राहतात, त्यांना बरोबर असलेला पक्ष नको असतो, विमा हवा असतो. आधी जिंकू या."

वाईट म्हणजे, मलाही टाळी वाजवावीशी वाटली.

आत्या बोलली ती औषधांच्या दुकानातल्या काउंटरवरून बोलावं तशी: इन्सुलिन पुरवून पुरवून घेणारी माणसं तिला नावानिशी माहीत आहेत, आणि थोडं थोडं मागणाऱ्याला थोडंसुद्धा मिळत नाही. शेवटी देदा. दर कॉकसला देदाचं भाषण म्हणजे एक मिनिटाच्या नावाखाली अख्खा इतिहास: संप, थंडी, बाबीने कारखान्याच्या फाटकावर आणलेलं सूप. या वेळी त्याने आपल्या सहा दोस्तांकडे पाहिलं, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "प्रूइट आमच्याबरोबर फाटकावर उभा होता. बस." आणि तो खाली बसला.

शिट्टी. मोजणी.

मोजणी आमच्याकडे तोंडाने होते. एकेकाने आपला आकडा मोठ्याने म्हणायचा. मी 'एक' म्हटलं, आकडा पुढे सरकला आणि सतरावर थांबला.

"अठरा!" मी मान वळवली. "बाबा! अठरा तुम्ही!"

बाबा नव्हते.

बाबा कुठे होते, ते मी नंतर त्यांच्याकडून खोदून काढलं. ते बाहेर पार्किंगमध्ये होते. इथे हिवाळ्यात माणूस बाहेर पडायच्या आधी कुणीतरी जाऊन त्याची गाडी सुरू करून ठेवतं. प्रेम बोलून दाखवायची आमच्या घराण्यात पद्धत नाही, इंजिन सुरू करायची आहे. देदाचा डावा गुडघा थंडीत आखडतो. बाबांनी हिशेब केला, पप्पांचं भाषण सुरू होतंय, म्हणजे निवांत वेळ आहे. त्यांनी खुंटीवरच्या देदाच्या कोटातून किल्ली घेतली आणि गेले. गाडी सुरू केली, हीटर लावला, काचेवरचा बर्फ खरवडायला घेतला. आयुष्यात पहिल्यांदा देदा थोडक्यात बोलेल, हे कुणाच्या स्वप्नात होतं?

"मोजणीला जागेवर नाही, तो नाही," फ्रीबर्ग बाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "सतरा. टेस, तुझा कोपरा तरलेला नाही. मिस्टर झाहराडनिक, तुमचाही नाही. आता फेरजुळणी. पंधरा मिनिटं."

फेरजुळणी म्हणजे बाजार: कुणीही, अगदी तरलेल्या कोपऱ्यातलाही, कोपरा बदलू शकतो, आणि बुडालेला कोपरा माणसं जमवून पुन्हा तरू शकतो. शिट्टी वाजली रे वाजली, की आई आमच्या कोपऱ्यात! माझ्याकडे न बघता ती थेट शेल्बी आणि ब्रेननकडे गेली. त्यांचं बाळ कानटोपीत पेंगत होतं.

"आई, काय चाललंय?"

"गप्पा मारतेय. शेल्बी, या दाराशी किती गार वारा येतो गं. आमच्याकडे स्कोअरबोर्डखाली ऊब आहे. आणि हा कोपरा तसाही..."

"आई! माझी माणसं चोरतेस?"

"चोरत नाहीये, राजा. विचारतेय."

शेल्बी मला "सॉरी गं" म्हणाली आणि गेली. ब्रेनन आणि बाळ तिच्यामागून. बाळाला मत नसतं, पण मला ते तिघं गेल्यासारखं वाटलं. पंधरा उरले. उरलेले माझ्याकडे असे बघत होते, जशी मी बसची ड्रायव्हर आहे आणि बस बंद पडलीय. त्यांना थांबवून धरायला माझ्याकडे काय होतं? काही नाही. तरी मी म्हटलं, "कुणी कोट घालू नका. मी माणसं आणते." कुठून आणणार होते देव जाणे!

तिकडे देदाचा कोपरा पांगला. दोघं आईच्या खांद्याला हात लावून हॉलबर्टकडे गेले, तिघं कोलाच्यांच्या वासामागे लॅझरकडे, एक घरी. राहिला एकटा देदा, घडीच्या खुर्चीवर, टोपी गुडघ्यावर. मी जाणारच होते, पण आई आधी पोचली.

"पप्पा, नोव्हेंबरचा विचार करा. या ना आमच्याकडे."

"कॉरिन, तुझ्या हॉलबर्टने कधी थंडीत उभं राहून पाहिलंय?"

मागून आत्याचा आवाज आला. "टेस, त्यांना सांग, लॅझर आत्ताच्या संपात उभा होता. गेल्याच महिन्यात."

"टेस, तिला सांग," देदा उठत म्हणाला, "मी दमलोय. ज्यांना माझी माणसं हवी होती त्यांना मिळाली. मी घरी जातो." त्याने खुंटीवरचा कोट घेतला, खिशात किल्ली सापडली नाही म्हणून आणखी चिडला, आणि दार ढकलून बाहेर गेला.

मी धावत जायला हवं होतं का? कोपरा सोडला असता तर तेही पंधरा गेले असते. मी जागेवर उभी राहिले.

बाहेर देदाने जे पाहिलं ते असं (त्याने हे मला एकदाच सांगितलं, आणि पुन्हा सांगायला नकार दिला): सगळ्या गाड्या पांढऱ्या, मुक्या. त्याचीच एक धूर सोडतेय, दिवे लावून. आणि त्याचा मुलगा, पक्षाबिक्षाशी घेणंदेणं नसलेला, आज दारातल्या टेबलावर फक्त मुलीसाठी नाव नोंदवून डेमोक्रॅट झालेला, वाकून काच खरवडतोय.

"डेल! तू इथे काय करतोयस?"

"झालंच, पप्पा. तुम्ही बोलायला उभे राहिलात ना, म्हटलं तेवढ्यात..."

"माझं बोलून केव्हाच झालं. मोजणीसुद्धा झाली."

बाबांच्या हातातलं खरवडणं थांबलं. "टेसचं?"

"एकाने बुडाली."

देदा म्हणतो, तेव्हा त्याला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक म्हणजे, आपल्या गुडघ्यापायी पोरीचा कोपरा बुडाला. आणि दुसरी, या घरात लोक आपल्यासाठी किती वर्षं न सांगता गाड्या गरम करतायत, आणि आपण मात्र लेकीच्या एका कोऱ्या जागेचा हिशेब धरून बसलोय.

"चल आत," तो म्हणाला.

"गाडी बंद करतो."

"राहू दे चालू! चल!"

दार उघडलं आणि थंडीचा झोत घेऊन दोघं आत आले. बाबा धावतच माझ्याकडे, "टेस, बाळा, मला वाटलं..." मी त्यांना एवढी घट्ट मिठी मारली की ते गप्प झाले. सोळा. पण देदा माझ्याकडे आला नाही. तो गुडघा ओढत सरळ स्टेजकडे, लॅझरच्या घोळक्यात गेला. कोलाच्यांनी जिंकलं, मला वाटलं.

तो आत्यासमोर थांबला, आणि मग थोडा मागे सरकला. दार वाजवल्यावर सरकतात तसा.

"मार्लिन," तो म्हणाला. माझ्याकडे किंवा बाबांकडे न बघता, तिच्याकडे बघून. अख्ख्या जिमला आमच्या घरचं सगळं माहीत असतं, त्यामुळे अख्खं जिम तिकडे वळलं. "त्या वर्षी या गावातलं प्रत्येक दार मी वाजवलं. तुझं सोडून. घरचंच मत, म्हणून विचारलंच नाही. तू काय म्हणतेस ते ऐकायला मी यायला हवं होतं."

आत्याने ट्रे खुर्चीवर ठेवला. नंतर तिने मला सांगितलं की तीन वर्षं ती या क्षणासाठी एक लांबलचक, धारदार उत्तर तयार करत होती, आणि ऐन वेळी त्यातलं एक अक्षर आठवेना.

"आला असतात तरी मी बदलले नसते, पप्पा," ती म्हणाली. "ती जागा मी रागाने कोरी सोडली नव्हती. विचार करून सोडली होती."

"मला अजूनही ते चूक वाटतं."

"मला अजूनही बरोबर वाटतं."

"बरं. मग आज विचारतो." देदाने घसा साफ केला. "लॅझर नसता तर तू कुणाकडे उभी राहिली असतीस?"

"ॲडेअर. तिने तिच्या राज्यात इन्सुलिनच्या किमतीला लगाम घातला. माझी दुसरी पसंती कायम तीच होती." ती जराशी हसली. "कुणी विचारलंच नाही."

"तुमच्या कोपऱ्यात माणसं भरपूर आहेत. माझ्या दोस्तांनी भर घातलीय. एक कमी झालं तरी तुमचे प्रतिनिधी तेवढेच येतात. फ्रीबर्ग बाईंना विचार हवं तर."

"बरोबर आहे," फ्रीबर्ग बाई कागदावरून मान वर न करता म्हणाल्या. "पण मी ऐकत नव्हते."

"म्हणजे तुम्ही मला तिकडे चला म्हणताय? तुम्ही? आणि तुमचा प्रूइट?"

"प्रूइट बुडाला. मीही दुसऱ्या पसंतीवर आलोय." मग त्याने ट्रेकडे बोट केलं. "त्यातला एक इथे खाल्ला तर लाच होईल. तिकडे नेऊन खाल्ला तर?"

लॅझरवाली पोरं ओरडली, "जा मार्लिन! जा!" कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. आत्याने छातीवरचा लॅझरचा बिल्ला चाचपला, पण काढला नाही. ट्रे उचलला.

शिट्टी.

"एक!" मी एवढ्या जोरात ओरडले की स्कोअरबोर्डखालच्या बाळाने भोकाड पसरलं. दोन, तीन, आकडा रांगेने पुढे गेला. बाबा म्हणाले, "सोळा," अपराध्यासारखं. देदाच्या तोंडात कोलाचा होता, त्यातूनच तो म्हणाला, "सतरा." आणि मग आत्या. लॅझरचा बिल्ला, हातात ट्रे, ओठाला खसखस.

"अठरा," आत्या म्हणाली.

आमचा कोपरा तरला! एकच प्रतिनिधी मिळाला आम्हाला, एकच, पण काउंटीच्या अधिवेशनाला तो जाणार होता, आणि तो कोण असावा म्हणून देदाने हात वर करून माझं नाव सुचवलं. सगळ्यात आधी टाळी वाजली ती स्कोअरबोर्डखालून. आई वाजवत होती. मी तिच्याकडे बघून जीभ काढली. तिने तोंड हलवून विचारलं, "आणि नोव्हेंबरात?" मीही तोंड हलवलं: जो कुणी जिंकेल त्याच्यासाठी दारं वाजवायला मी आहे. आधी तुझं वाजवेन.

बाहेर पडलो तेव्हा पार्किंगमध्ये सगळे आपापल्या काचा खरवडत होते. देदाची गाडी मधोमध धूर सोडत उभी होती, काचा स्वच्छ, आत भट्टी.

"एवढा वेळ चालू ठेवली?" देदा कुरकुरला. "पेट्रोल काय झाडाला लागतं?"

"तुम्हीच म्हणालात राहू दे," बाबा म्हणाले.

आत्या आपल्या गाडीशी उभी होती. दार बर्फाने चिकटलं होतं, उघडेना. तिने एकदा ओढलं, दोनदा ओढलं. देदाने पाहिलं. मग त्याने कुणाला काही सांगितलं नाही, माझ्याकडून किंवा बाबांकडून निरोप पाठवला नाही. स्वतः आपल्या गाडीला वळसा घालून पुढच्या सीटचं दार उघडलं, आणि मागे सरकून उभा राहिला.

"बस," तो म्हणाला. "गरम आहे."